टाकीच्या वळणासाठी चार टायर

भोंग्याच्या घरात कुठलीच वस्तू फार दिवस एका जागी बसत नाही. बसूच देत नाहीत.

कारण घर गादीवाल्यांचं. खाली दुकान, मागे कारखाना, वर घर. आणि भोंग्याचे वडील, ज्यांना घरचे, दारचे, गिऱ्हाईक, सगळे अण्णाच म्हणतात, ते प्रत्येकाला गादी विकून झाली की बोट दाखवून बजावतात, "महिन्या-दोन महिन्यांनी फिरवायची. डोक्याकडची बाजू पायाकडे. नाही फिरवली आणि खड्डा पडला, तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

हे दुकानापुरतं असतं तर ठीक होतं. पण अण्णांनी आख्खं घर गादीसारखंच चालवलं. ताटं खालून काढायची आणि धुतलेली वर ठेवायची. चपलांचे दोन जोड, एक दिवस हा, एक दिवस तो. गालिचा अर्धा गोल फिरवायचा. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एक-एक घर पुढे सरकवायच्या. भोंग्याची बायको लग्न करून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिची उशी भोंग्याच्या जागेवर आणि भोंग्याची तिच्या जागेवर. दुसरी एखादी वैतागली असती. ही खो-खो हसली. तेव्हापासून संध्याकाळी दवाखान्यातून आली आणि सोफा दुसऱ्या भिंतीला दिसला, की ती फक्त विचारते, "आज सोफ्याची पाळी होती का, अण्णा?" ती दातांची डॉक्टर. अण्णा तिला नावाने हाक मारत नाहीत, 'डॉक्टर' म्हणतात, आणि म्हणताना छाती जरा पुढे येते.

भोंगा म्हणजे कोण ते सांगायचं राहिलं. अण्णांचा एकुलता एक. लहानपणी गाद्यांच्या ढिगांमधून 'पॉं पॉं' करत पळायचा, पळताना माणसं आडवी करायचा, म्हणून भोंगा. आता तिशीचा झाला, दुकान तोच बघतो, तरी नाव काही सुटलं नाही.

आणि भोंग्याची गाडी.

दोन सीटची. गडद हिरवी, जमिनीला लागलेली, नाक लांब, मागचा भाग आखूड. नवी नव्हे, सेकंडहॅंड, पण आधीच्या मालकाने जीव लावून ठेवलेली. भोंग्याने कित्येक वर्षं दुसरा कुठला शौक केला नाही तेव्हा ती घरी आली. अण्णांना तिच्यातून उठताना कुणाला तरी हात द्यावा लागतो. "ही गाडी आहे का झोपायची चटई?" असं ते दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी बसतात.

पण गाडी घेतली होती बायकोसाठी. म्हणजे भोंगा म्हणायचा तसं. आठवडाभर ती लोकांच्या तोंडात वाकलेली, हा गाद्यांमध्ये गाडलेला. रविवारी सकाळी मात्र दोघंच. गावाबाहेरून एक चक्कर, वाटेत कुठेतरी चहा, आणि परत. तिसरी सीटच नाही, त्यामुळे तिसऱ्याची भानगड नाही.

तर मागच्या महिन्यात काय झालं, की टाकीच्या वळणावर गाडी फिरली.

गावाच्या टोकाला पाण्याची उंच टाकी आहे. रोज सकाळी ती भरून वाहते, कारण व्हॉल्व्ह वेळेवर बंद करणं व्हॉल्व्हवाल्याच्या नशिबात नाही. पाणी खाली रस्त्यावर. आणि नेमकं तिथेच वळण. वर्षाचे बारा महिने ते वळण ओलं असतं. भोंगा तिथून शंभर वेळा गेला असेल. त्या रविवारी मागची चाकं अशी सटकली, जणू कुणी खालून सतरंजी ओढली. गाडीने गिरकी घेतली आणि तोंड आल्या वाटेकडे करून रस्त्याच्या कडेला थांबली. कशाला धडकली नाही. ओरखडासुद्धा नाही.

बायकोने शांतपणे बेल्ट काढला, दार उघडलं आणि घरापर्यंत चालत गेली. भोंगा मागून पहिल्या गियरमध्ये, काच खाली करून, "अगं ऐक तरी" म्हणत.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तू जोरात होतास."

"नव्हतो गं. आईशप्पथ नव्हतो. रोजच्यासारखाच होतो."

"मग रोज तू जोरात असतोस."

भोंग्याला स्वतःलाच कळेना. रात्रंदिवस तेच डोक्यात. हात चुकला का आपला? नजर चुकली का? त्यानंतर तो दोनदा एकटा त्या वळणाने गेला, नेहमीपेक्षा हळू, आणि दोन्ही वेळा मागचं टोक जरासं हललंच.

शेवटी तिनेच निकाल लावला. "हे बघ, मला तुझी गाडी आवडते. पण त्या दिवसानंतर मी तिच्यात बसूच शकत नाही, माझे पाय थंड पडतात. दोन सीटच्या गाडीत एक सीट रिकामी घेऊन तू फिरणार असशील, तर ती आपली गाडी नाही, तुझं खेळणं आहे. टायर झिजलेत म्हणतोस ना? घाल नवीन. मग टाकीच्या वळणावरून एकदा जाऊ. मला भीती वाटली नाही, तर गाडी राहील. वाटली, तर विकायची. आणि वाटूनही मी वाटली नाही म्हणणार नाही, हे आधीच सांगते."

तिच्या तोंडून खोटं निघत नाही, ही एरवी भोंग्याला अभिमानाची गोष्ट वाटायची.

---

टायर निवडणं म्हणजे भोंग्याच्या हातचा मळ, असं त्याला वाटत होतं. त्याने टायरवरचे इतके व्हिडिओ बघितले होते की झोपेतही रबरावर भाषण दिलं असतं. आणि मनात कधीचं एक टायर भरलेलं होतं. शर्यतीच्या मैदानावर वापरतात तसलं. जवळजवळ गुळगुळीत, खाचा नावापुरत्या, रबर असं मऊ की गरम झालं की रस्त्याला चिकटतं. 'चिकटतं' हा शब्द त्याला फार पटला होता. जे चिकटतं ते सटकेल कसं?

दुकानाला सुट्टी होती तेव्हा तो गाडी घेऊन निघाला. अण्णा जिन्यातच उभे. "मी येतो. टायर दाबून बघायला माणूस हवा."

"अण्णा, टायर दाबून नाही घेत."

"गादीसुद्धा दाबून नाही घेत असं म्हणणारे आले होते. परत आले."

टायरचं दुकान मोठ्या रस्त्यावर. चालवणाऱ्या काकू उंच, धिप्पाड, आवाज असा की गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट आणि हवा भरायचं मशीन एकदम चालू असलं तरी त्यांचंच ऐकू येतं. गिऱ्हाइकाला टायरचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. विचारतात, गाडी जाते कुठे.

"कुठे म्हणजे, रविवारी फिरायला," भोंगा म्हणाला. "पण मला काय हवं ते माझं ठरलंय, काकू." आणि त्याने त्या चिकट टायरचं नाव घेतलं.

"अरे वा! मैदानावर जातोस?"

"नाही. म्हणजे, अजून नाही."

"मग रस्त्यावर ते कधी गरम होणार? आणि गरम नाही झालं तर ते टायर नाही, खोडरबर आहे." काकूंनी एक टायर भिंतीवरून उतरवून त्याच्यासमोर आपटलं. "बघ. पाणी जायला जागा कुठेय?"

अण्णा पुढे झाले. अंगठ्याने रबर दाबलं, मग तळहाताने, मग डोळे मिटून परत अंगठ्याने. "मऊ आहे. लगेच बसेल. एक हंगाम."

"एक हंगाम जास्तच सांगितलात," काकू म्हणाल्या. "तुम्ही याच धंद्यातले का?"

"गाद्या," अण्णा म्हणाले.

"एकूण एकच," काकू म्हणाल्या, आणि अण्णा एकदम खूश.

भोंगा मात्र हिरमुसला. त्याला अजून ते चिकट टायरच हवं होतं. तो बाजू मांडतच होता, कोरड्या रस्त्यावर पकड कशी, वळणावर कडा कशा वाकत नाहीत वगैरे, तोवर काकूंनी गाडी लिफ्टवर घेतली. गाडी वर गेली. काकू खाली उभ्या राहून मागच्या चाकाकडे बघत राहिल्या. मग चालत जाऊन दुसऱ्या बाजूने बघितलं. मग पुढे. मग मशीन बंद करायला लावलं.

"ही चाकं कुणी बसवली?"

"का?" भोंगा म्हणाला.

"मी!" अण्णा म्हणाले. अगदी वर्गात पहिल्या बाकावरून हात वर करावा तसे. "मीच. हा प्रदर्शनाला गेला होता ना गाद्यांच्या, तेव्हा. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. पुढची मागे पण करणार होतो, पण मागची रुंद निघाली, बसेनात. धुऊन, पुसून, नट एकेक नीट आवळून. काय समान झिजलीत की नाही?"

भोंग्याला आठवलं. टाकीपाशी गाडी फिरली त्याच्या आदल्याच आठवड्यात तो प्रदर्शनाहून आला, तेव्हा चाकं आरशासारखी चमकत होती. त्याने अण्णांना मिठी मारली होती. "अण्णा, तुम्ही चाकं धुतलीत!" अण्णा नुसते हसले होते. हसणारच, त्यांच्या हिशेबाने धुणं ही तर किरकोळ गोष्ट होती.

काकूंनी टायरच्या कडेवर बोट ठेवलं. रबरात उठवलेला एक बाण. "हा बाण बघा. गाडी पुढे जाताना चाक या दिशेने फिरायला हवं. ही नक्षी बघा, मधून दोन्हीकडे तिरक्या खाचा. बाणाच्या दिशेने फिरलं की पाणी मधून बाहेर फेकलं जातं. उलटं फिरलं की बाहेरचं पाणी मध्ये गोळा होतं. मग चाक रस्त्यावर नाही, पाण्यावर चालतं." त्यांनी चारही चाकांकडे हात केला. "चारही बाण मागे बघतायत. वर मागची दोन झिजलेली. ओल्यात घसरली नाही का रे कधी?"

भोंगा एकेका चाकापाशी जाऊन बाण बघून आला.

त्याला आधी काय वाटलं, खरं सांगायचं तर, जीव भांड्यात पडला. आपला हात चुकला नव्हता. नजर चुकली नव्हती. महिनाभर छातीवर बसलेला दगड एका बाणाने उतरवला. धावत जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं, बघ, मी जोरात नव्हतो! आणि मग त्याने अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी दोन्ही हात खिशात घातले होते. जन्मात अण्णांचे हात खिशात दिसले नव्हते. कायम काहीतरी दाबत, उलटत, सरकवत असायचे.

"म्हणजे ती टाकीपाशी..." अण्णा म्हणाले. "डॉक्टर गाडीत होती."

"काही झालं नाही ना, अण्णा."

"नाही झालं, ते नाही झालं." मग म्हणाले, "आता मी गाडीला हात लावणार नाही."

बोलले ते साधंच. पण भोंग्याला ते फार लागलं. त्याला दिसायला लागलं, की उद्या अण्णा गालिच्याला हात लावायच्या आधी थबकतील. खुर्ची सरकवताना विचारतील, "चालेल ना?" ज्या घरात उशीसुद्धा एका जागी झोपत नाही, ते घर हळूहळू गप्प बसून जाईल, आणि मग बसल्या जागी खड्डा पडेल. आणि दोष कसा द्यायचा? दिवसरात्र टायरच्या बाता मारणाऱ्या भोंग्याने तरी कुठे खाली वाकून बघितलं होतं? चाकं चमकतायत यातच खूश!

काकू म्हणाल्या, "बोल. तेच चिकटवालं चढवू?"

"काकू," भोंगा म्हणाला, "असं टायर असतं का, जे डावीकडचं उजवीकडे केलं तरी चालतं?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि मग आत जाऊन एक टायर घेऊन आल्या. बाहेरच्या बाजूची नक्षी धष्टपुष्ट, आतल्या बाजूला चर खोल आणि दाट. बाण नाही. कडेवर फक्त लिहिलेलं, की ही बाजू बाहेर.

"याला डावं-उजवं नाही, आत-बाहेर आहे. आतले चर पाणी काढतात, बाहेरचा भाग वळणावर दम धरतो. बाहेरची बाजू बाहेर राहिली की झालं, मग चाक इकडे लावा नाहीतर तिकडे. पुढचं मागे मात्र नाही, मापं वेगळी आहेत. तुझ्या त्या खोडरबरइतकं कोरड्यात चिकटणार नाही, आधीच सांगते. पण तुझ्या टाकीखाली हेच."

अण्णांचा एक हात खिशातून निघाला. अंगठा टायरवर गेला. दाबलं. परत दाबलं. "हे बरंय. मऊ आहे, पण आत जीव आहे." मग हळूच, "इकडचं तिकडे चालतं म्हणालात?"

"चालतं काय, करावंच. पण माझ्याकडे आणून. हवा पण बघते."

"मी आवळीन, तुम्ही बघा."

"बरं, तुम्ही आवळा, मी बघते. अण्णाच ना तुम्ही?"

"चारही बदलायची का, मागचीच दोन?" अण्णा आता पूर्ण गादीवाले झाले होते.

"अर्धी गादी बदलता का तुम्ही?"

अण्णांनी चार बोटं दाखवली.

चिकट टायर भिंतीवर परत गेलं. भोंग्याने एकदा त्याच्याकडे बघून घेतलं, सासरी जाणाऱ्या बहिणीकडे बघावं तसं, आणि मान वळवली.

निघताना काकूंनी खिडकीत वाकून सांगितलं, "नव्या टायरवर निसरडी तुकतुकी असते. लगेच टाकीखाली जाऊ नकोस. कोरड्यात चार दिवस संथ फिरव, ती झिजली की मग जा."

---

वाटेत भोंगा म्हणाला, "अण्णा, तिला काही सांगायची गरज नाही. टायर जुनी होती, बदलली. बस."

अण्णांनी टायरची पावती घडी करून खिशात टाकली.

घरी चहा टाकला होता. बायको दवाखान्यातून येऊन टेबलाशी बसलेली. अण्णांनी खुर्ची ओढली, बसले, आणि कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, तो जोरात नव्हता. चाकं मी उलटी लावली होती."

भोंग्याने कपाळावर हात मारला.

तिने सगळं ऐकून घेतलं. बाण, पाणी, खाचा, सगळं. अण्णा सांगताना कुठेही अंग चोरत नव्हते. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे माझ्या उशीसारखं केलंत."

"तसंच."

"उशीला बाण नव्हता म्हणून वाचलो." आणि तिला हसू आवरेना. हसताहसता डोळे पुसले, आणि मग भोंग्याकडे वळून म्हणाली, "सॉरी. महिनाभर तुला बोलले."

"असू दे गं. मग गाडी..."

"गाडीचं आपलं ठरलंय तेच. टाकीच्या वळणावर बघू. कारण कळलं म्हणून पाय गरम होत नाहीत."

चार दिवस बायकोऐवजी अण्णा शेजारी. तुकतुकी घालवायला दोघं संथ फिरायचे. अण्णांना मजा यायला लागली. गिऱ्हाइकांच्या उश्या मांडीवर घेऊन घरपोच द्यायला लागले. हिरव्या स्पोर्ट्स कारमधून उशी येतेय म्हटल्यावर लोक दारात येऊन बघायचे. "दुकान बरं चाललंय वाटतं!" एक जण म्हणाला. "गाडीतून उठायला हात द्या, मग सांगतो," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी टाकी नेहमीसारखीच भरून वाहत होती. व्हॉल्व्हवाल्याने निराश केलं नाही.

बायको गाडीपाशी आली, आणि दुसऱ्या सीटच्या दाराशी न जाता तिने हात पुढे केला. "चावी."

"तू चालवणार?"

"मग? दुसऱ्याच्या हातात असलं की भीती जास्त वाटते. माझे पेशंट रोज सांगतात."

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसला. त्याच्या सीटच्या मानाने ती जवळजवळ कोरी होती, कडक, फुगलेली. पाय लांब केले तर पुढे ब्रेकच नाही. तरी पाय तिथेच दाबून बसला.

टाकी दिसली. रस्ता चकाकत होता. बायकोचा चेहरा पेशंटचा दात काढताना असतो तसा झाला, ओठ किंचित दाबलेले, डोळे स्थिर. वेग रोजचाच. वळणात शिरली. चाकाखाली पाण्याचा सर्रर्र आवाज आला, एकसारखा, रेशीम फाडल्यासारखा. आणि वळण संपलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"काहीच झालं नाही."

"यालाच टायर म्हणतात."

तिने पेट्रोलपंपाशी गाडी वळवली आणि परत टाकीकडे निघाली. या वेळी जरा वेगात. सर्रर्र. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. पुढे जाऊन तिने पुन्हा गाडी वळवली. आता आणखी थोडा वेग.

"अगं! हळू!" भोंग्याच्या तोंडून गेलंच. एका हाताने दार, एका हाताने सीट. गाडीने वळण घेतलं आणि जागची हलली नाही.

बायकोने कडेला गाडी लावली आणि हसत त्याच्याकडे बघितलं. "पाय थंड पडले का रे?"

"नाही."

"खोटं."

"पडले," भोंगा म्हणाला. "जरासे."

"माझे नाही पडले." तिने स्टिअरिंगवर दोनदा टिचकी मारली. "चल, चहा पिऊ. तुझं ते लांबचं दुकान कुठलं, तिथपर्यंत. मीच चालवते."

घरी आले तेव्हा ऊन चढलं होतं आणि अण्णा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. वर्तमानपत्र हातात, पण कधीपासूनचं एकच पान. गाडी थांबली. ड्रायव्हरच्या बाजूने सून उतरली, दुसऱ्या बाजूने मुलगा, आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही. तिचं तोंडच सांगत होतं.

"पुढची पाळी कधी, अण्णा?" ती म्हणाली.

"टायरची? अजून अवकाश आहे." अण्णा उठले, गाडीपाशी आले, आणि वाकून आत बघितलं. आधी ड्रायव्हरची सीट अंगठ्याने दाबली. मग दुसरी. मग परत पहिली. कपाळाला आठी.

"हिच्यात खड्डा पडलाय. आणि ती दुसरी अजून कोरी. गाडी घेतल्यापासून हा याच जागेवर बसतोय ना." त्यांनी भोंग्याकडे बघितलं. "असं नाही चालणार. आता दर रविवारी दोघं. आणि बसायच्या जागा आलटून पालटून."

"सीटला बाण आहे का, अण्णा, ते बघा आधी," भोंगा म्हणाला.

अण्णांनी खरोखरच वाकून बघितलं.